करून राहिली

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर मातृभाषेचा रकाना.
बाण दाबला की यादी उघडते,
गोळीबार चौकातल्या टँकरच्या रांगेएवढी लांब,
पण घ्यायची एकच.

आई सिरोंच्याची. नोटा मोजते तेलुगूत,
रागावते मराठीत,
आणि भाजीवाल्याशी भांडते अशा हिंदीत
जिला दिल्लीचे लोक हिंदी म्हणणार नाहीत.
बाबांच्या घरातून माग गेला,
त्याच्यासोबत धोटा, फणी, ताणा हे शब्द गेले.
मला ते नुसते ऐकून माहीत,
त्यांचं कापड कधी अंगाला लागलं नाही.
मी मराठी निवडते. यादी मिटते.

कोर्टासमोरच्या टिनाच्या शेडमध्ये
सहा वर्षं मी लोकांची प्रतिज्ञापत्रं
मराठीतून इंग्रजीत नेते, हिंदीतून मराठीत आणते,
पानाला चाळीस रुपये.
एकदा कामठीहून एक बाई आली,
पदराला हळदीचा डाग.
मी विचारलं, फारकत लिहू की सोडचिठ्ठी?
म्हणाली, फारकत कागदावर होते बाई,
सोडचिठ्ठी तोंडावर फेकतेत.
इंग्रजीत मला दोन्हींसाठी एकच शब्द सापडला.
तोच टाइप केला, पैसे घेतले,
आणि जेवणाचा डबा तसाच परत नेला.

हे उद्देशपत्रात कसं लिहायचं?
तिथे लिहायचं असतं की लहानपणापासून वाचनाची आवड.
घरात पंचांग होतं आणि एलआयसीची डायरी.

शिफारशीसाठी ढबाले सरांकडे गेले, अजनीला.
मे महिना, कूलरमधला ओला वाळा,
सर बनियनवर, एका बोटानं टाइप करत.
म्हणाले, दोघांची तुलना करायची
तर तिसऱ्या जागी उभं राहावं लागतं.
तू कुठे उभी राहशील?
मी म्हटलं, सध्या जयताळ्याच्या बसस्टॉपवर, सर,
तिथे सावली नाही.
ते हसले नाहीत.
पत्रात काय लिहिलं ते मला दिसणार नाही,
पत्र बंद असतं.

आडनाव हेडाऊ.
इंग्रजीत दहावीच्या मार्कशीटवर शेवटी दोन ओ,
पदवीवर यू, आधारवर नुसतं डब्ल्यू.
म्हणून एक प्रतिज्ञापत्र माझंही:
वरील तिन्ही व्यक्ती एकच आहेत.
ते मीच टाइप केलं.
स्वतःला चाळीस रुपये लावले नाहीत.

आता रात्रीचे अकरा बावन्न. बाराला खिडकी बंद.
आतून आई विचारते, काय करून राहिली वं?
अर्ज करून राहिली, मी म्हणते,
आणि पुण्याच्या चर्चासत्रातल्या बाई आठवतात,
माझ्या निबंधावर हिरव्या शाईची रेघ मारणाऱ्या.
करते आहे, असं म्हणा.
करून राहिली म्हणजे
करून झालं, आणि मग तिथेच राहिली.
चहाच्या वेळी त्यांनी मला बिस्किटंही दिली होती.

फी साडेतीन हजार.
शेजारचा बारापात्र्यांचा पोरगा फोनवरून भरतो,
आई त्याला रोख देते, पाचशेच्या नोटा,
ओकटी, रेंडु, मूडु,
थुंकी लावून, एडुपर्यंत.
आपल्या बोलीत मोजले का चुकत नाही, ती म्हणते.
पोरगा पुन्हा मराठीत मोजतो.
सातच भरतात.

पडद्यावर चाक फिरतंय.
मी अर्ज करून राहिली.
इथे याचा अर्थ, अजून चालू आहे.
तिकडे,
केला, आणि गेली नाही.
दोन्ही अर्थ आज रात्री एकाच खुर्चीवर बसलेत,
आणि खुर्चीचा एक पाय आखूड आहे,
त्याखाली जुनी डायरी.

आई उरलेल्या नोटा मोजते,
नालुगुपाशी थांबते,
म्हणते, उद्याच्या दुधाचे येगळे काढून ठेव.